अँडोव्हरची फिलिप्स अकॅडमी : ‘पूर्वतयारी’ या संज्ञेसंबंधी

अमेरिकेतील ‘प्रिपरेटरी स्कूल’ या संज्ञेसाठी आपण ‘महाविद्यालयाच्या पूर्वतयारीची शाळा’ असा प्रतिशब्द सहज योजतो. परंतु या वर्गात अग्रभागी गणल्या जाणाऱ्या शाळा जन्मतःच तशा होत्या, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमी हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

स्वातंत्र्ययुद्ध चालू असतानाच, १७७८ मध्ये, सॅम्युएल फिलिप्स या सव्वीस वर्षांच्या गृहस्थाने वडिलांच्या व चुलत्यांच्या द्रव्यसाहाय्याने ही शाळा काढली. (वॉशिंग्टनच्या सैन्याला बंदुकीची दारू पुरविणारा कारखानाही याच गृहस्थाचा.) चुलते जॉन फिलिप्स यांनी पुढे १७८१ मध्ये एक्झिटर येथे दुसरी अकॅडमी स्थापिली. अँडोव्हरच्या स्थापनापत्रात इंग्रजी व लॅटिन व्याकरण, लेखन, अंकगणित यांचा निर्देश आहे. परंतु जगावे कसे हे शिकविणे त्याहून महत्त्वाचे मानले आहे, आणि विद्येच्या आधी शीलाला स्थान दिले आहे.

मग ही शाळा ‘पूर्वतयारीची’ झाली कशी? महाविद्यालयांच्या प्रवेशाच्या अटींनी ती तशी घडविली. हार्वर्ड, येल येथे प्रवेशासाठी ग्रीक व लॅटिन आवश्यक असे, आणि सॅम्युएल टेलर यांच्या प्राचार्यपदाच्या काळात (१८३७–१८७१) याच दोन भाषांनी शाळा व्यापून टाकली. एकेका शब्दाचे रूप, धातू, अन्वय विद्यार्थ्याकडून वदवून घेतल्याविना टेलर पुढे सरकत नसत. या शिस्तीचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. भाषेच्या अध्यापकाला मात्र येथे थांबून विचारावेसे वाटते, की व्याकरण इतके पक्के होत असता काव्य कोठे राहिले? महाविद्यालयाकडे न जाणाऱ्या मुलांसाठी शाळेत इंग्रजी विभाग होता. पण मान अभिजात भाषांना. टेलर यांच्यानंतर सिसिल बँक्रॉफ्ट (१८७३–१९०१) यांनी विज्ञान व आधुनिक भाषा यांना जागा करून दिली. १९७३ मध्ये शेजारची ॲबट अकॅडमी ही मुलींची शाळा हिच्यात विलीन झाली.

मराठीच्या अभ्यासकाला या संस्थेविषयी आस्था वाटावी, असे आणखी एक कारण आहे. १८०८ मध्ये याच टेकडीवर, अकॅडमीच्याच विश्वस्तांच्या देखरेखीखाली, एक धर्मशास्त्र विद्यालय उघडले. (ते १९०८ मध्ये केंब्रिजला गेले व त्याच्या इमारती अकॅडमीकडे आल्या.) तेथे शिकलेले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस उतरले. ते अकॅडमीचे विद्यार्थी नव्हेत, विल्यम्स महाविद्यालयाचे पदवीधर. हा भेद विसरू नये. मराठी त्यांना मुंबईस येऊन मुळापासून शिकावी लागली. कोणत्याही प्रवेशपरीक्षेने ती मागितली नव्हती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ पासून मराठी पुस्तिका निघू लागल्या, आणि १८२६ मध्ये, हॉल यांच्या निधनाच्याच वर्षी, नव्या कराराचे मराठी भाषांतर छापून झाले. पुढे याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली जावजी दादाजी लहानपणी कामाला लागले. १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला.