आधी खुराडे, मग कोंबड्या

चिंचवड हे पवना नदीच्या काठचे जुने गाव होय. १९७० साली येथे नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झाली. सभोवार कारखाने व वसाहती उभ्या राहिल्या. परंतु शहर वाढले म्हणून कोंबडीचे शत्रू नाहीसे झाले, असे मात्र नाही. नदीकाठच्या झुडपांतून दिवसा मुंगूस येते, आकाशात घार घिरट्या घालते, आणि उकिरड्यावर पोसलेली घूस, मांजर व मोकाट कुत्री रात्री परसात शिरतात.

पिलू आणल्यापासून पहिले अंडे मिळेपर्यंत सुमारे पाच महिने लागतात. इतक्या दिवसांचे श्रम एका उघड्या राहिलेल्या दारामुळे एका रात्रीत वाया जातात. म्हणूनच कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्याने प्रथम महानगरपालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा नियम विचारून घ्यावा, नंतर खुराडे बांधावे आणि सर्वांत शेवटी पक्षी आणावेत.

दहा कोंबड्यांच्या रात्रीच्या मुक्कामास पाच फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरेसे होते. त्याचा तळ जमिनीपासून दोन फूट उंच असावा, म्हणजे घुशीस खालून पोखरता येत नाही. बाजारातील पातळ षट्कोनी जाळी कोंबडीस आत ठेवते, पण कुत्र्यास बाहेर ठेवू शकत नाही. यास्तव अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड जाळी लावावी. वारा खेळता राहील, पण पावसाची झड आत येणार नाही, अशी वर छपराची सोय करावी. दारास नुसता आकडा न लावता घट्ट बसणारी कडी लावावी. दिवसा चरण्याच्या जागेभोवती कुंपण घातल्यास जाळी एक फूट जमिनीत पुरावी. घारीपासून लपण्यास एखादे झुडूप अथवा मांडव असावा.

पिले आणावयाची झाल्यास चिंचवडपासून जवळच खडकी येथे शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. एक दिवसाच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पिले दिव्याखाली दाटी करू लागली तर ऊब कमी आहे आणि दूर पळू लागली तर ती जास्त आहे, असे समजावे. राणीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने द्यावी.

सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो. म्हणून खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवावे, उरलेला दाणा सायंकाळी उचलावा व अंडी रोज गोळा करावीत. मुंगूस अथवा साप मारण्याची किंवा विष ठेवण्याची आवश्यकता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण आहे, आणि विषाने शेजारची मांजरे व मुले यांच्याच जिवास धोका पोहोचतो.

कोंबड्या तिन्हीसांजेला आपण होऊन खुराड्यात परततात. त्या वेळी त्यांची मोजणी करून कडी लावणे, हेच रक्षणाचे मुख्य काम होय. शिक्षकांनी हे काम ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत अशा विद्यार्थ्यांकडे सोपवावे. त्यांनी वहीत सकाळची व सायंकाळची संख्या लिहावी, अंड्यांची नोंद ठेवावी आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. ज्या दिवशी दोन संख्या जुळणार नाहीत, त्या दिवशी जाळीतील भोक कोठे आहे हे शोधून ते सूर्यास्तापूर्वी बुजवावे.