विकिपीडियावर वीर गावाचा लेख लिहिताना
१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर, म्हणजे कोणालाही लिहिता व सुधारता येणाऱ्या मुक्त ज्ञानकोशावर, महाड तालुक्यातील वीर गावाविषयी लिहू पाहणाऱ्या नवख्याने पहिला मजकूर ‘धूळपाटी’वर, अर्थात सरावाच्या पानावर, उतरवून पाहावा हे बरे. पुरंदर तालुक्यातही म्हस्कोबा देवाचे वीर असल्याने शीर्षकातच तालुका नोंदवणे सोयीचे. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, हे विधान ‘संदर्भ’, म्हणजे विश्वासार्ह प्रकाशनाचा आधार, जोडला की टिकते. ग्रामदेवतेची ऐकीव कथा मात्र, कितीही रसाळ असली तरी, असा आधार मिळेपर्यंत बाहेरच राहते, आणि हा नियम गावकऱ्यांना जाचतो तो उगाच नव्हे. असा आधार जुन्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, शोधताना महाडसाठी रायगडऐवजी कुलाबा हे जिल्ह्याचे जुने नाव पाहावे लागते.