जुना पेजमेकर आणि आपले लेख

बेळगाव-निपाणीकडे लग्नपत्रिका, स्मरणिका जुळवताना ‘पेजमेकर’ अद्यापि दृष्टीस पडतो. त्याची सातवी आणि अखेरची आवृत्ती २००१ सालची. त्याचा वारस ‘इनडिझाइन’. परंतु २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच वापरावयास मिळतात. छोट्या दुकानास हा भार जड जातो. मग नव्या यंत्रावर जुनेच का चालवू नये? पुष्कळदा ते चालतेही.

खरी अडचण निराळीच आहे. पेजमेकर युनिकोड जाणत नाही. त्यातील जुन्या टंकात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. टंक हरवला की मजकूर गेलाच! आमच्या शाळेच्या एका जुन्या वार्षिकात दिवंगत शिक्षकांच्या आठवणी होत्या. नव्या संगणकावर ते अंक उघडले, तेव्हा पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसली.

जुना टंक एका सहकाऱ्याच्या तबकडीत सापडला. नव्या यंत्राच्या पोटात ‘विंडोज एक्सपी’चा आभासी संगणक उभारला, मात्र इंटरनेटपासून तोडून, कारण २०१४ नंतर त्याला नियमित संरक्षक दुरुस्त्या मिळत नाहीत. लेख युनिकोडमध्ये उतरविले. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा चुकवतात, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचावी लागली.

नव्या कामास ‘स्क्रायबस’ आहे, तेही विनामूल्य. २०२४ च्या १.६ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात, आणि एकाच पत्रिकेवर मराठीशेजारी कन्नडही बसते.