उष्ण व कोरड्या हवामानातील टोमॅटोच्या जाती : तुलनेच्या निकषांचा विचार

टोमॅटोचे पीक महाराष्ट्रात खरीप, रब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेतले जाते. तथापि उन्हाळी पिकाची शाश्वती सर्वांत कमी असते. जानेवारीत लावलेल्या रोपांचा बहर मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, आणि सोलापूर वा अहिल्यानगर यांसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत त्याच सुमारास दुपारचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या जवळ पोहोचते. झाड हिरवेगार, फुले विपुल, परंतु फळे मोजकीच, असे दृश्य मग दिसू लागते. रोपे, खते व पाणी यांवरील खर्च तोपर्यंत होऊन गेलेला असल्यामुळे जातीची निवड चुकली, तर ती पुढे सुधारता येत नाही.

अशा प्रदेशासाठी 'उष्णता सहन करणारी' जात निवडावी असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु या एका विशेषणात उष्णता व शुष्कता या दोन भिन्न आपत्ती एकत्र केल्या जातात. त्यांचे परिणाम झाडाच्या निरनिराळ्या अवयवांवर होतात. म्हणून त्यांची परीक्षाही स्वतंत्रपणे झाली पाहिजे.

प्रथम उष्णतेचा विचार करू. टोमॅटोची फलधारणा दिवसाच्या तापमानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, रात्रीच्या तापमानावर अवलंबून असते, हे फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या नियंत्रित प्रयोगांवरून स्पष्ट झाले. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या दरम्यान असता फलधारणा उत्तम होते. त्याहून रात्री अधिक उष्ण झाल्या की ती घटू लागते. फूल उमलण्यापूर्वी सुमारे एक-दोन आठवडे, म्हणजे परागकण घडत असताना, झाड सर्वांत नाजूक अवस्थेत असते. या काळातील उष्णतेने बरेच परागकण वांझ राहतात. काही जातींत किंजल लांबून किंजल्क परागकोशांच्या नळीबाहेर येते व स्वपरागणात व्यत्यय येतो. आज गळणाऱ्या फुलाचे कारण म्हणून केवळ आजच्या उन्हाकडे बोट दाखविणे त्यामुळे योग्य ठरत नाही.

शुष्कतेचे स्वरूप वेगळे आहे. कोरड्या वाऱ्याने पानांतून पाणी वेगाने बाहेर पडते. जमिनीतील ओलावा कमीअधिक होत राहिला, की वाढत्या फळास कॅल्शियमचा पुरवठा अपुरा पडतो आणि फळाचे टोक काळे पडून सडते. येथे मुळांची खोली व पाण्याचा काटकसरीने उपयोग करण्याची क्षमता महत्त्वाची ठरते. परागकणांच्या सहनशक्तीने हा दोष टळत नाही. शिवाय पर्णभार विरळ असल्यास फळे उन्हाने करपतात, आणि सुमारे ३० अंशांवर लायकोपीन हे तांबडे रंगद्रव्य नीट तयार होत नसल्यामुळे फळे पिवळसर-नारिंगी राहतात.

ही दृष्टी ठेवून काही भारतीय जाती पाहाव्यात. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेची 'पुसा रुबी' ही 'स्यू' व 'इम्प्रूव्हड मीरुती' यांच्या संकरातून निघालेली जुनी व सुपरिचित जात तौलनिक वाण म्हणून उपयोगी पडते. त्याच संस्थेच्या 'पुसा सदाबहार' व 'पुसा हायब्रिड-१' यांचा विशेष गुण उष्ण रात्रींतही फळ धरणे हा आहे. 'पुसा हायब्रिड-१' रात्रीच्या २८ अंशांपर्यंत फळ धरते असे संस्था सांगते. बंगळूरच्या भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेने 'टिप-टॉप' या अमेरिकन जातीतून निवडलेला 'अर्का विकास' मात्र ओलाव्याच्या ताणासाठी नावाजलेला आहे, आणि त्याच्यापासून पैदा केलेली 'अर्का मेघाली' जिरायती लागवडीसाठी शिफारस केलेली आहे. पहिल्या दोन जातींचे बळ फुलात, तर दुसऱ्या दोहोंचे पाण्याचा ताण सोसण्यात, असा हा भेद होय. याखेरीज उन्हाळ्यात पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा पर्णगुच्छ किंवा बोकड्या रोग ही तिसरी कसोटी आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची 'धनश्री' आणि बंगळूरचा 'अर्का रक्षक' हा संकर या दृष्टीने विचारार्ह आहेत.

यावरून क्षेत्रीय चाचणीची रूपरेषा सहज निघते. प्रत्येक जातीचे वाफे सोडतीने ठरवून त्यांची पुरेशी पुनरावृत्ती करावी. एका संचास नियमित व दुसऱ्यास ताणाचे पाणी द्यावे, म्हणजे उष्णता व शुष्कता यांचे परिणाम वेगळे करता येतील. रात्रीचे किमान तापमान रोज नोंदवावे. प्रत्येक घोसातील फुले व धरलेली फळे मोजावीत, आणि एकूण उत्पन्नाबरोबर विक्रीयोग्य उत्पन्न स्वतंत्र मांडावे. केवळ एकूण वजनाचा आकडा दिल्यास एखादी जात का यशस्वी झाली हे कळत नाही, आणि ते न कळल्यास एका गावाचा निष्कर्ष दुसऱ्या गावास लागू करता येत नाही.

सारांश, उष्ण व कोरड्या प्रदेशासाठी सर्वोत्तम जात कोणती, हा प्रश्नच अपुरा आहे. विहिरीला पाणी आहे पण रात्री उष्ण आहेत, की रात्री सुसह्य आहेत पण पाणी अपुरे आहे, हे आधी ठरविले पाहिजे. जातीची शिफारस त्यानंतरच सार्थ होते.