इंजिनात तुटलेला बोल्ट वेल्डिंगशिवाय कसा काढावा?



ऊस पाण्याला आलेला असतो, वीज गेलेली असते आणि नेमका त्याच वेळी डिझेल इंजिनाच्या सायलेन्सरचा बोल्ट तुटून अर्धा हेडमध्येच राहतो. बेळगाव-खानापूरकडे हे नवे नाही. पावसाळाभर इंजिन ओलीत उभे राहते आणि पुढे गरज पडली की आपण पान्याला सारा जोर लावतो. वेल्डिंगवाला तुटक्या तुकड्यावर नट जोडून तो फिरवून काढतो. पण रानात वेल्डिंग कुठले? घाईने छिन्नी चालवली तर एका बोल्टपायी सबंध हेड बाद होते. सबुरीने घेतले तर साध्या हत्यारांनीही बोल्ट निघतो.

बोल्ट का तुटला, ते आधी पाहावे. फाजील जोराने आवळताना तुटला असेल तर आटे मोकळे असतात. अशा तुकड्याच्या कडेला टोकदार पंच लावून उलट्या दिशेने हलके ठोकले तरी तो फिरू लागतो. गंजून तुटला असेल तर गोष्ट वेगळी. लोखंड गंजले की फुगते आणि आट्यांत पाचर मारल्यासारखे घट्ट बसते. तेथे जोर नव्हे, वेळ कामाला येतो.

तुकडा वर राहिला असेल तर:

१. गंज ब्रशने साफ करून मुळाशी रॉकेल किंवा पातळ तेल सोडावे. बोल्टच्या टोकावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आत उतरते. रात्रभर तसेच ठेवून सकाळी पुन्हा तेल द्यावे.

२. आटे शाबूत असतील तर दोन नट चढवून एकमेकांवर आवळावेत आणि खालच्या नटाला पाना लावून उलट फिरवावे. आटे गेले असतील तर कानशीने दोन बाजू सपाट करून पाना किंवा ग्रिप पक्कड लावावी. थोडे उलटे, थोडे सुलटे असे हलवत राहावे. एकदम झटका देऊ नये.

३. तरीही हलेना, तर शेक द्यावा. आधी तेल पुसून कोरडे करावे, डिझेलची टाकी व नळ्या दूर कराव्यात. ब्लोलॅम्पची धग बोल्टला नव्हे, भोवतालच्या बिडाला द्यावी. बीड प्रसरण पावते आणि गंजाची पकड सुटते. ज्योत बाजूला करून गरम बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत शिरते. गरम बिडावर पाणी ओतू नये, तडा जातो. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर शेकाच्या फंदात पडू नये. हा धातू लाल न होताच वितळतो.

बोल्ट पृष्ठभागाशी किंवा त्याच्या आत तुटला असेल तर ड्रिल लागते. येथे सारे यश मध्यबिंदूवर आहे. शक्य असेल तर तुकडा सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा. सायलेन्सरची पट्टी पुन्हा जागेवर बसवून तिच्या भोकात घट्ट बसणारी नळी घातली तर ड्रिल सरळ जाते. प्रथम ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, मग हळूहळू वाढवावे. ड्रिल सावकाश चालवावे, तेल देत राहावे. शेजारच्या चांगल्या बोल्टचा हेडमध्ये जाणारा भाग मोजून ड्रिलवर तेवढ्यावर चिकटपट्टीची खूण करावी. पलीकडे पाण्याची पोकळी असू शकते. इंजिनाची उघडी तोंडे फडक्याने बंद करावीत, कीस आत जाता कामा नये.

उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तम. कित्येकदा तुकडा त्याच्याबरोबरच बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर मात्र बेताने फिरवावा. तो अतिशय कडक असतो. आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही आणि एका दुखण्याची दोन होतात. तो अडला की थांबावे. साध्या ८ मिलिमीटर बोल्टसाठी ६.८ व १० मिलिमीटर बोल्टसाठी ८.५ मिलिमीटरपर्यंत भोक वाढवावे, उरलेले आटे टोकदार सळीने उचकटावेत आणि टॅपने भोक साफ करावे. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवावा.

आता डोळ्यांविषयी. ठोकताना व ड्रिल चालवताना चष्मा घालावाच. डोळ्यात कीस गेला तर चोळू नये, सुईने किंवा पदराने काढू नये; लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. बोल्ट नवा मिळतो, डोळा मिळत नाही.

नवा बोल्ट त्याच मापाचा, त्याच आट्यांचा व त्याच ताकदीचा घ्यावा. भोकातले तेल पुसावे, आट्यांना ग्रॅफाइट ग्रीसचा हलका हात द्यावा आणि बेताने आवळावे.

कनेक्टिंग रॉडचा किंवा हेड बसवण्याचा बोल्ट तुटला असेल, अथवा भोक एका बाजूला सरकले असेल, तर घरी प्रयोग करू नयेत. अशा वेळी इंजिन बेळगावच्या उद्यमबागेसारख्या ठिकाणी जाणत्या कारागिराकडे न्यावे. भाड्याचा खर्च हेडच्या किमतीपेक्षा कमीच पडतो. आणि पावसाळ्यापूर्वी दर वर्षी सायलेन्सरचे बोल्ट एकदा सैल करून, ग्रीस लावून पुन्हा बसवले, तर पुढच्या हंगामात ही पाळी सहसा येणार नाही.