टी. टी. नगरात एक दिवस

इंदूरच्या जुन्या घराण्यांत भोपाळचे नाव निघाले की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर एक आठी उमटते. ती आठी १९५६ सालची आहे. मध्यभारत राज्यात उन्हाळ्याची राजधानी आपली आणि हिवाळ्याची ग्वाल्हेरची, अशी वाटणी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्यप्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला, जे त्या वेळी साधे जिल्ह्याचे ठाणेही नव्हते. भोपाळ सीहोर जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा व्हायला त्याला १९७२ साल उजाडावे लागले. जबलपूरला हायकोर्ट मिळाले, ग्वाल्हेरला रेव्हेन्यू बोर्ड आणि आपल्याला लोकसेवा आयोग. म्हणजे माणसे निवडायची इंदूरने आणि राबवायची भोपाळने!

ही आठी ज्यांच्या कपाळी अजून आहे, त्यांनाच माझा आग्रह आहे की, एक दिवस काढून भोपाळला जाऊन यावे. मोठे तळे आणि ताजुल मसाजिद पाहायला कोणी सांगावे लागत नाही. माझी वाट मात्र टी. टी. नगरातून जाते, आणि ती लवकर चालून घ्यावी हे बरे.

सकाळच्या वंदे भारत गाडीने तीन तासांत भोपाळ येते. उतरल्यावर एक नंबरच्या फलाटावर दोन मिनिटे थांबावे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू पसरला तेव्हा कामाची जागा न सोडता प्राण गमावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे स्मारक तेथे आहे. त्या रात्री उप स्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता उभी गाडी वेळेआधी सोडून दिली आणि शेकडो उतारूंचे प्राण वाचवले. सहलीची सुरुवात अशी गंभीर कशाला, असे कोणी म्हणेल. पण या शहरात पाऊल टाकताना तेवढे स्मरण असू द्यावे.

तेथून रिक्षावाल्याला ‘टीटी नगर’ म्हणावे. ‘तात्या टोपेनगर’ म्हटले तर तो क्षणभर तुमच्याकडे पाहत राहील. येवल्यात जन्मलेला, पेशव्यांच्या पदरी वाढलेला आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फासावर गेलेला हा वीर राजधानीत दोन अक्षरांवर येऊन ठेपला आहे. टीटी म्हणजे रेल्वेतला तिकीट तपासनीस, अशी बाहेरगावच्या मुलांची समजूत होते. आपल्या मुलांना तरी गाडीतच खरे नाव सांगून ठेवावे. मराठ्यांचा भोपाळशी संबंध त्याहून जुना आहे. थोरल्या बाजीरावांनी १७३७ च्या डिसेंबरात निजामाला याच भोपाळाभोवती कोंडले, आणि ७ जानेवारी १७३८ रोजी आजच्या सीहोर जिल्ह्यातल्या दोराह्यास तह होऊन माळवा मराठ्यांच्या पदरात पडला. होळकरांची नगरी त्या घडामोडीतूनच पुढे उभी राहिली. तेव्हा आठी थोडी सैल करायला हरकत नाही.

राजधानी आली तेव्हा भोपाळात कारकुनांना राहायला घरे नव्हती. नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून, रीव्याहून माणसे आली आणि त्यांच्यासाठी जुन्या शहराच्या दक्षिणेला माळावर सरकारी क्वार्टर्सच्या ओळी उठल्या. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. माझे मामा ग्वाल्हेरच्या मोतीमहालातल्या कचेरीतून असेच तिकडे गेले. त्यांच्या क्वार्टरच्या दोन खोल्यांपुढे खोल्यांहून मोठे अंगण होते. मामींनी तेथे तुळशीवृंदावन बांधले, कढीलिंब लावला, आणि शेजारच्या रीव्याच्या बाईंना पुरणपोळी शिकवून त्यांच्याकडून सत्तूची लिट्टी शिकून घेतली. श्रेणीप्रमाणे क्वार्टरला अक्षर मिळे, आणि कोण कोणत्या अक्षरात राहतो यावरून मुलीच्या स्थळाची चौकशी पुरी होई! मी सुट्टीत जाई तेव्हा संध्याकाळी प्रत्येक अंगणात खाटा पडलेल्या असत आणि एका ओळीत चार बोलींतल्या गप्पा ऐकू येत. मध्यप्रदेश नावाचे राज्य कागदावर कुठेही झालेले असो, ते मला त्या अंगणांत प्रत्यक्ष दिसले.

ती ओळ आता नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीची आखणी आधी शिवाजीनगर आणि तुळशीनगर या भागांत झाली होती. झाडे तोडली जाणार म्हणून तेथील नागरिक रस्त्यावर आले आणि योजना टी. टी. नगराकडे वळली. उत्तर आणि दक्षिण टी. टी. नगरातल्या जुन्या क्वार्टर्सच्या ओळीच्या ओळी त्यानंतर पडल्या. रुंद रस्ता झाला, उंच इमारती उठल्या. जुनी घरे गळत होती, त्यांत राहणाऱ्यांना नवी हवीच होती, हे मला मान्य आहे. पण साठ वर्षांच्या आंब्या-कडुनिंबांची सावली कोणत्याही नकाशावर काढून परत मिळत नाही. ज्यांच्या काका-मामांनी त्या घरांत नोकरीचे आयुष्य काढले, त्यांनी उरलेसुरले भाग एकदा पायी फिरून पाहावेत आणि जमल्यास फोटो काढून ठेवावेत. घरच्या वृद्धांना बरोबर नेता आले तर उत्तमच. कुठे काय होते ते त्यांच्याइतके कोण सांगणार?

या नव्या शहराची एक गंमत मुलांना फार आवडते. घाईत वसलेल्या राजधानीला नावे सुचली नाहीत, म्हणून लोकांनी आकडेच नावे केली. ‘चौहत्तर बंगले’, ‘पैंतालीस बंगले’, ‘ग्यारह सौ क्वार्टर’ ही सारी वस्त्यांची नावे! बसच्या थांब्यांचे क्रमांकही तसेच चिकटले. पाच नंबर, सहा नंबर, आणि दहा नंबरचा तर बाजारच आहे. जयप्रकाश रुग्णालयाला सामान्य माणूस ‘बारह सौ पचास’ म्हणतो. एखाद्या बसमध्ये बसून मुलांना ही आकड्यांची नावे गोळा करायला सांगावीत. तास मजेत जातो आणि खर्च तिकिटाचा.

आता पोटापाण्याचे. पोह्यांविषयी मी लिहीत नाही. इंदूरकराने भोपाळात पोहे खाऊ नयेत. खाल्ल्यास तुलना मोठ्याने करू नये. टी. टी. नगरचे हृदय म्हणजे न्यू मार्केट, आणि तेथले इंडियन कॉफी हाउस माझ्या यादीत पहिले. कॉफी बोर्डाने १९५७ च्या सुमारास आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. पांढरा पोशाख आणि तुऱ्याचा फेटा घातलेला वाढपी आजही येतो आणि कोणी उठवत नाही. निवृत्त अधिकारी, नाटकवाले आणि कवी येथे एकाच कॉफीवर तास तास काढतात. शाकाहारी जेवणासाठी जवळच ‘बापू की कुटिया’ आहे. नाव सर्वोदयी, पण जेवण भरपेट. दुपारी मुलांना ‘टॉप एन टाउन’चे आइस्क्रीम द्यावे, ही भोपाळचीच पेढी आहे.

मद्यगृहांविषयी विचारणारे वाचकही आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी शामला टेकडीवरच्या जहाँनुमा पॅलेसमध्ये जावे. सुलतानजहाँ बेगमांचे चिरंजीव जनरल ओबेदुल्लाखान यांची ही वास्तू, आता हॉटेल आहे. आवार सुरेख आहे. बाकीच्यांनी तेथे चहा घेतला तरी चालेल.

शामला टेकडीवरच भारत भवन आहे. १९८२ च्या फेब्रुवारीत ते सुरू झाले. चार्ल्स कोरिया यांनी ते उतारात असे बसवले आहे की वरून इमारत दिसतच नाही. अंगणांवरून पायऱ्या उतरत आपण तळ्यापर्यंत येतो. बांधकाम चालू असताना झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलची भूरीबाई ही भिल्ल तरुणी तेथे मजुरी करीत होती. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तिला घरच्या भिंतीवर काढता ते कागदावर काढून दाखव, असे सांगितले. २०२१ साली तिला पद्मश्री मिळाली. झाबुआ आपल्या शेजारचा, त्याचे मजूर इंदूरच्या प्रत्येक इमारतीवर आपण पाहत आलो. पण पाटी उचलणाऱ्या बाईला ‘तुला काय येते’ असे आपल्यापैकी कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही. भूरीबाईंनी आपले आयुष्य २०१३ साली उघडलेल्या जनजातीय संग्रहालयाच्या एका लांब भिंतीवर रंगवले आहे. सारा दिवस तेथेच गेला तरी वाईट वाटून घेऊ नये. पलीकडे मानव संग्रहालयाच्या दोनशे एकरांत देशभरच्या लोकांची घरे उभी आहेत, पण ते चालायला पाय हवेत.

संध्याकाळी जुन्या शहरात जावे. १८२० चा गौहर महाल, सिकंदर बेगमांची मोती मशीद, मग चौक. सामिष खाणाऱ्यांना इब्राहिमपुऱ्यातली चटोरी गली कोणीही दाखवील. चिमूटभर मीठ घातलेला दुधाचा चहा येथे ‘सुलेमानी’ म्हणून मिळतो; केरळातल्या बिनदुधाच्या सुलेमानीशी गल्लत करू नये. पहिला घोट विचित्र लागतो आणि दुसरा कप मागवला जातो. चौकात जरीकामाचे बटवे मिळतात. सुपारीसाठी आता कोणी घेत नाही, पण आजींना एखादा न्यावा.

आणि सोमवारी जाऊ नये. त्या दिवशी संग्रहालये बंद असतात.