विश्लेषण : पऱ्हाटी फुकट, मग तिची वीज महाग का?

कापसाचा हंगाम संपला की विदर्भ-मराठवाड्यात धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. थोडी चुलीत जाते, उरलेली पेटवून दिली जाते. राज्यात कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र आहे आणि हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. वाळल्यावर तिची उष्णता आपल्याकडच्या साधारण कोळशाच्या जवळपास जाते. मग हे इंधन वाया का जाते?

गणित कुठे बिघडते?

वाहतुकीत. दहा टनी ट्रकमध्ये सुटी पऱ्हाटी कशीबशी दोन टन मावते. फेरीचे भाडे ५,००० रुपये धरा; टनामागे अडीच हजार झाले. शेतातच भुगा केला तर ट्रकमध्ये दुप्पट माल बसतो, पण यंत्राचे डिझेल वाढते. माल मिळतो दोन-तीन महिने, प्रकल्प चालवायचा वर्षभर. म्हणजे साठवण आणि पावसापासून राखण आलीच.

एक युनिट विजेला साधारण सव्वा किलो पऱ्हाटी लागते. प्रकल्पाच्या दारात ती ३,००० रुपये टनाने पडली, तर नुसते इंधनच पावणेचार रुपयांचे. सौरऊर्जेच्या लिलावांत अख्खे युनिट तीन रुपयांच्या आत मिळते!

साखर कारखान्यांना कसे जमते?

उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस कारखान्यातच उरतो. तो तिथवर आणण्याचा खर्च साखरेच्या खात्यात आधीच पडलेला असतो. पऱ्हाटीला असा भाऊ नाही.

मग मार्ग कोणता?

वीज करण्याचा हट्ट सोडणे. लहान वीज प्रकल्पात इंधनातील उष्णतेचा जेमतेम पाचवा हिस्सा वीज होऊन बाहेर पडतो. कारखान्याला वाफच हवी असेल, तर चांगला बॉयलर तीन-चतुर्थांश उष्णता कामी लावतो. तिथे स्पर्धा सौर पॅनलशी नाही, कोळशाशी आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात जैवइंधनाच्या कांड्या मिसळाव्यात, असे केंद्राचे धोरणही आहे.

शेतकऱ्याला काय मिळणार?

खरा प्रश्न हाच. एकरी एक टन पऱ्हाटी आणि टनाला ५०० रुपये धरले, तर ती उपटण्याची मजुरीही सुटणे कठीण. शिवाय आता दुसरा पर्याय आहे : ट्रॅक्टरच्या यंत्राने भुगा करून रानातच गाडायचा. जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. ब्रिकेटवाल्याला भाव द्यायचा तो याहून जास्त.